कच्चा रस्ता कुणाचा?

गुळगुळीत रस्त्यांची मागणी सर्वांत आधी सायकलवाल्यांनी केली. १८८६ साली, मोटारगाडी ब्रिटनच्या रस्त्यावर दिसायच्या आधीच, तिथल्या दोन सायकल संघटनांनी मिळून रोड्स इम्प्रूव्हमेंट असोसिएशन काढली आणि रस्ता कसा बांधावा, कसा राखावा याची पत्रके वाटायला सुरुवात केली. अमेरिकेत १८८० मध्ये स्थापन झालेल्या लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन या संघटनेने ‘गुड रोड्स’ची हाक दिली. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला, सायकल सामान्यांच्या आवाक्यात आली आणि मागणीला जोर चढला. पुढे रस्ते खरोखरच सुधारले, खडीवर डांबर पडले, डांबरावर मोटारी आल्या आणि ज्यांनी रस्ता मागितला होता ते कडेच्या पट्टीवर ढकलले गेले.

गेल्या वीसेक वर्षांत युरोप-अमेरिकेतले हजारो सायकलस्वार ते डांबर सोडून पुन्हा खडीच्या, मुरमाच्या, मातीच्या रस्त्यांकडे वळले आहेत. शेतांमधल्या गाडीवाटा, जंगलातले लाकूड वाहतुकीचे रस्ते, कालव्याच्या काठच्या वाटा, उखडलेल्या रेल्वेमार्गांचे भराव या सगळ्यांवरून लांबचा पल्ला गाठायचा, या प्रकाराला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. त्यावर आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक सायकलच्या भागांवर खर्ची पडले आहे. मला मात्र हा प्रश्न मुळात रस्त्याचा वाटतो. कच्चा रस्ता आपोआप उरत नाही. तो कुणीतरी कशासाठी तरी बांधलेला असतो, कुणीतरी त्याची डागडुजी करत असते, आणि त्यावरून जायचा हक्क कुणाला आहे हे कुठल्यातरी कायद्यात, नकाशात किंवा वहिवाटीत ठरलेले असते. जिथे हे तिन्ही जमून आले तिथे ग्रॅव्हल सायकलिंग रुजले.

सायकलविषयी जे सांगायचे ते थोडक्यात आटपते. टायर ३८ ते ५० मिलिमीटर रुंद, हवा कमी, चढासाठी हलके गिअर, खाली वळलेले आणि टोकाला बाहेर फाकलेले हँडल, डिस्क ब्रेक. यातला निर्णायक बदल डिस्क ब्रेकचा. जुन्या रेसिंग सायकलचा ब्रेक रिमला दोन्ही बाजूंनी चिमटा घ्यायचा आणि त्या चिमट्याच्या मापापलीकडे टायर रुंद करता येत नसे. ब्रेक चाकाच्या मध्याशी गेला आणि ती अडचण संपली. दुसरा बदल ट्यूबशिवाय चालणाऱ्या टायरचा. आत चिकट द्रव असतो, काटा टोचला की तो भोकात जाऊन घट्ट होतो. रुंद आणि मऊ टायर खडबडीत रस्त्यावर मंद पडत नाही, उलट वेगाने जातो, कारण कडक टायर प्रत्येक खड्यावर सायकल आणि माणूस दोघांना वर उचलतो आणि त्यात जोर वाया जातो. शिमानोने २०१९ मध्ये या प्रकारासाठी जीआरएक्स नावाचा वेगळा गिअरसंच काढला, तेव्हा हा बाजार कायमचा आहे हे ठरून गेले. पण आपल्याकडच्या दूधवाल्यांच्या काळ्या सायकलला जो २८ बाय दीड इंचाचा टायर असतो, तोही चाळीस मिलिमीटरच्या आसपासच भरतो. रुंद टायरवर कच्च्या वाटा तुडवणे आपल्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्याला छंदाचे नाव कुणी दिले नव्हते, एवढेच.

छंद म्हणूनही ही गोष्ट नवी नाही. वॉल्टर मॅकग्रेगर रॉबिन्सन हा इंग्रज लेखक ‘वेफेअरर’ या टोपणनावाने सायकल प्रवासावर लिहीत असे. १९१९ च्या मार्चमध्ये त्याने वेल्समधल्या बर्विन डोंगररांगेतली खिंड बर्फातून सायकल ढकलत पार केली आणि त्यावर लेख लिहिला. त्या खिंडीला आज त्याच्याच टोपणनावाने ओळखतात. त्याचा कित्ता गिरवणाऱ्यांनी १९५५ मध्ये लेम्स्टर गावी रफ स्टफ फेलोशिप नावाचे मंडळ स्थापन केले. शर्यत नाही, पदक नाही, डांबराबाहेरच्या वाटा हिंडायच्या आणि त्यांची टिपणे एकमेकांना द्यायची, एवढाच त्यांचा कार्यक्रम. या मंडळातल्या मंडळींनी १९५८ मध्ये आइसलँडचा ओसाड अंतर्भाग सायकलींवरून ओलांडला. त्यांच्या सायकली साध्या प्रवासी सायकली होत्या. वाटांची माहिती जपण्यावर त्यांनी जेवढे कष्ट घेतले तेवढे सायकलींवर घेतले नाहीत. मला वाटते, या छंदाचा खरा वारसा हाच आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ही माहिती जपण्याला कायद्याचे बळ मिळाले. १९४९ च्या राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण प्रवेश कायद्याने प्रत्येक काउंटीला तिच्या हद्दीतल्या सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावले. वाट खासगी शेतातून जात असली तरी नकाशावर ती सार्वजनिक म्हणून एकदा नोंदली गेली की मालकाला ती अडवता येत नाही. अशा वाटांचे जाळे सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरचे आहे. पण त्यांत प्रतवारी आहे. फूटपाथ म्हणजे फक्त चालणाऱ्यांसाठी, ब्रिडलवे म्हणजे चालणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठी, बायवे म्हणजे गाड्यांसाठीही. फूटपाथ आणि ब्रिडलवे यांत सायकल बसत नव्हती. १९६८ च्या कंट्रीसाइड कायद्याच्या तिसाव्या कलमाने ब्रिडलवेवर सायकलला परवानगी दिली, दोन अटींवर. सायकलस्वाराने चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची, आणि त्याच्या सोयीसाठी वाट सुधारण्याचे बंधन कुणावरही नाही. दुसऱ्या अटीचे मोल फार मोठे आहे. शेतकऱ्यावर नवा बोजा पडला नाही म्हणून विरोध उभा राहिला नाही, आणि वाटा खडबडीत राहिल्या म्हणून पन्नास वर्षांनी ग्रॅव्हलवाल्यांना त्या जशाच्या तशा मिळाल्या.

तरीही इंग्लंडमधल्या एकूण वाटांचा साधारण पाचवा हिस्साच सायकलला खुला आहे. त्यामुळे वाट मध्येच तुटते. दगडी उतारावरून मजेत येताना एका फाटकापाशी पाटी दिसते आणि पुढे तीच वाट, तेवढीच रुंद, फक्त पायी चालणाऱ्यांची होते. याचे कारण जमिनीत नसते, पन्नासच्या दशकात ज्या कारकुनाने तिची नोंद केली त्याच्या शाईत असते. सायकलिंग यूके या संस्थेने २०२० मध्ये ‘किंग आल्फ्रेड्‌स वे’ हा विंचेस्टरहून निघून विंचेस्टरलाच परतणारा ३५० किलोमीटरचा मार्ग आखला. त्यात नवी वाट बांधली जवळजवळ नाहीच. रिजवेची प्रागैतिहासिक वाट, साउथ डाउन्स वे, स्टोनहेंजजवळची मैदाने असे अस्तित्वात असलेले तुकडे नकाशे धुंडाळून जोडले. नोंद न झालेल्या जुन्या वाटांसाठी २००० च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत घातली होती. ती पुढे २०३१ पर्यंत ढकलली गेली. त्या दरम्यान शेकडो स्वयंसेवक जुनी कागदपत्रे चाळत बसले. रस्त्यासाठी केलेले याहून मोलाचे काम मला माहीत नाही.

स्कॉटलंडने ही गुंतागुंतच टाळली. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही, पायी, घोड्यावर किंवा सायकलवर, बहुतेक सर्व जमिनींवरून जाण्याचा हक्क दिला. उभे पीक तुडवायचे नाही, घराच्या अंगणात शिरायचे नाही, फाटक जसे होते तसे लावायचे. कायदा सुटसुटीत असला की वाद कमी होतात, हे स्कॉटलंडकडे पाहून पटते.

कालव्याकाठची वाट मात्र या सगळ्यांहून वेगळी, कारण तिचा जन्म चालण्यासाठी झाला नाही, ओढण्यासाठी झाला. १७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि पुढच्या पन्नाससाठ वर्षांत ब्रिटनभर कालव्यांचे जाळे पसरले. कोळसा, चिनी माती, धान्य भरलेल्या अरुंद नावा काठावरून चालणारा घोडा दोराने ओढत असे. त्या घोड्याची वाट म्हणजे टोपाथ. तिची रचना आजही घोड्याच्या सोयीची आहे. ती जवळजवळ सपाट असते, कारण पाणी सपाट असते. लॉकपाशी, म्हणजे नाव वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दारांपाशी, तेवढी चढते-उतरते. पुलाखाली ती आक्रसते आणि कमान डोक्याला लागेल इतकी खाली येते. पुलांच्या कोपऱ्यांवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांत ओल्या दोरांनी घासून पाडलेल्या खोल खाचा अजून बोटाला लागतात. काही ठिकाणी वाट एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते. तिथे दोर न सोडता घोडा पलीकडे जावा म्हणून वळसा घेणारे खास पूल बांधले आहेत, मॅकल्सफील्ड कालव्यावरचे तर विशेष देखणे. पेनाइन पर्वताखालच्या पाच किलोमीटर लांबीच्या स्टँडएज बोगद्यात काठ नव्हताच. तिथे नावाडी आडवे पडून पायांनी भिंतीला रेटत नाव पुढे नेत आणि घोडा डोंगरावरून चालत पलीकडे जाई.

रेल्वे आली आणि कालव्यांचा धंदा बसला. रेडिंग आणि ब्रिस्टल यांना जोडणारा १४० किलोमीटरचा केनेट अँड एव्हन कालवा १८१० मध्ये पूर्ण झाला होता. १८५२ मध्ये तो ग्रेट वेस्टर्न रेल्वेनेच विकत घेतला आणि दुर्लक्ष करून करून मारला. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यात गाळ आणि शेवाळ उरले. तो जिवंत केला स्वयंसेवकांनी, फावडी घेऊन, तीन-चार दशके खपून. १९९० मध्ये तो पुन्हा नावांसाठी खुला झाला. डिव्हायझेसजवळ केन हिलच्या उतारावर २९ लॉक एकापाठोपाठ एक चढत जातात. त्यांच्या कडेची चढण सायकलवर करताना पाण्याला डोंगर चढवायला केवढा खटाटोप करावा लागला याचा अंदाज पायांना येतो.

२०१२ पासून इंग्लंड-वेल्समधले सुमारे ३२०० किलोमीटरचे कालवे कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहेत. टोपाथवर पूर्वी सायकलसाठी परवाना लागे, आता लागत नाही. आणि म्हणून आता भांडण आहे. त्या दोन मीटरच्या पट्टीवर कुत्रा फिरवणारे, गळ टाकून बसलेले, नावेतच घर करून राहणारे, मुलांच्या ढकलगाड्या आणि कामावर निघालेले सायकलस्वार सगळे एकत्र येतात. ट्रस्टचे म्हणणे स्पष्ट आहे की मान पायी चालणाऱ्याचा, सायकल हळू चालवा, पुलाखाली घंटी वाजवा. ते मला पूर्ण मान्य आहे. ज्याला वेग हवा त्याने डांबरी रस्ता धरावा.

याहून अवघड वाद पृष्ठभागाचा आहे. शहरांजवळचे टोपाथ ठिकठिकाणी डांबरी झाले, तेव्हा ग्रॅव्हलवाल्यांनी नाराजी दाखवली, की वाटेचे वाटपण गेले. पण चाकांच्या खुर्चीवरच्या माणसाला, गुडघे गेलेल्या आजीला, पावसाळ्यात शाळेत जाणाऱ्या पोराला तीच वाट प्रथमच वापरता आली. शहरात पक्का पृष्ठभाग आणि गावाबाहेर खडी, ही विभागणी योग्य आहे. आपल्या गमतीसाठी दुसऱ्याची वाट चिखलाची राहावी असे म्हणता येणार नाही.

कालव्याकाठच्या वाटेसाठी झालेल्या लढ्यांत एक फार मोठा लढा अमेरिकेत झाला. चेसापीक अँड ओहायो कालव्याचे काम ४ जुलै १८२८ रोजी सुरू झाले. त्याच दिवशी बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचीही पायाभरणी झाली. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलंडला पोचली, कालवा १८५० मध्ये. शर्यत तिथेच संपली होती. तरी कालवा १९२४ च्या महापुरापर्यंत कसाबसा चालला आणि नंतर सरकारने तो विकत घेतला. १९५०च्या दशकात त्याच्या पट्ट्यावर मोटारींसाठी पार्कवे बांधायचा बेत पुढे आला आणि जानेवारी १९५४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने त्याला अग्रलेखातून पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी पत्र लिहून संपादकांना आव्हान दिले, की आधी माझ्याबरोबर ही वाट चालून पाहा. मार्चमध्ये मंडळी निघाली. सुमारे २९७ किलोमीटरची पूर्ण वाट डग्लस धरून नऊ जणांनी आठ दिवसांत पार केली. वर्तमानपत्राने भूमिका बदलली, देशभर चर्चा झाली, पार्कवे बारगळला आणि १९७१ मध्ये तो कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. आज वॉशिंग्टनहून कंबरलंडपर्यंत कालव्याकाठाने आणि तिथून पुढे पिट्सबर्गपर्यंत ग्रेट अलेगनी पॅसेज या जुन्या रेल्वेमार्गाने सुमारे ५४० किलोमीटर एकाही मोटारीशी रस्ता न वाटता जाता येते. वाटेत पॉ पॉचा बोगदा लागतो, ९५० मीटरचा, विटांच्या अस्तराचा, आत मिट्ट काळोख. दिवा लावून सायकल हातात धरून जावे लागते. त्या एका बोगद्याला चौदा वर्षे लागली होती. एवढ्या घामाने बांधलेल्या वाटेवर डांबर ओतले गेले असते, हे आठवले की डग्लस यांच्याविषयी मनापासून कृतज्ञता वाटते.

शर्यतींचा इतिहास मी थोडक्यात सांगतो, कारण तो सगळीकडे वाचायला मिळतो. कॅन्ससमधल्या एम्पोरिया या छोट्या शहरात २००६ साली ३४ जण ३२० किलोमीटरच्या शर्यतीला उभे राहिले. आता ‘अनबाउंड’ नावाने हजारो लोक येतात. तिथे खडीचे रस्ते इतके का, याचे उत्तर जास्त रंजक आहे. १७८५ च्या जमीन अध्यादेशाने अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या भूमीची मैलामैलाच्या चौकोनांत मोजणी सुरू झाली आणि चौकोनांच्या हद्दीवरून रस्ते गेले. तुरळक वस्तीच्या काउंटीला त्या सगळ्यांवर डांबर टाकणे परवडण्याजोगे नव्हते. त्यात फ्लिंट हिल्सची जमीन चर्ट नावाच्या गारगोटीने भरलेली, नांगर चालेना. म्हणून तिथले उंच गवताचे माळ वाचले, गुरे चरत राहिली, आणि त्याच गारगोट्या रस्त्यावर आल्या. त्या टायर चिरतात.

इटलीत तोस्काना प्रांतात उलट दिशेने सुरुवात झाली. तिथले पांढरे चुनखडीचे रस्ते, स्त्रादे बियांके, एकामागून एक डांबरी होऊ लागले तेव्हा जानकार्लो ब्रोच्ची यांनी १९९७ मध्ये जुन्या सायकलींची ‘लेरोइका’ ही फेरी काढली. हेतू उघड होता, लोकांचे लक्ष या रस्त्यांकडे जावे आणि ते वाचावेत. २००७ पासून त्याच रस्त्यांवर व्यावसायिक शर्यत होते आणि आता ते पांढरे रस्ते त्या प्रांताची ओळख बनले आहेत. रस्ता वाचवण्यासाठी निघालेली ही फेरी मला अनबाउंडपेक्षा मोठी वाटते. २०२२ पासून या प्रकाराचे जागतिक अजिंक्यपदही भरते.

जंगलांचे वेगळे आहे. पहिल्या महायुद्धात लाकडाचा तुटवडा पडल्यावर ब्रिटनने १९१९ मध्ये फॉरेस्ट्री कमिशन स्थापन केले. उत्तर इंग्लंडमध्ये किल्डरला १९२६ पासून लागवड झाली आणि लाकडाचे ट्रक जावेत म्हणून फोडलेल्या दगडाचे शेकडो किलोमीटरचे रस्ते झाले. २०१६ पासून त्याच रस्त्यांवर ‘डर्टी रीव्हर’ ही २०० किलोमीटरची फेरी होते. जर्मनीचा १९७५ चा संघीय वनकायदा फिरण्यासाठी जंगल सर्वांना खुले करतो, पण सायकल फक्त रस्त्यांवर आणि वाटांवर. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात तर दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालत नाही. ही जंगले लावलेली आहेत, तोडण्यासाठीच. तिथला नियम उचलून आपल्या अभयारण्याला लावता येणार नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश नाही, आणि तो निर्बंध असावाच. जुन्नर-आंबेगावकडे तर बिबट्या जंगलात नसून उसात आहे. तिथे पहाटे अंधारात उसाच्या कडेने सायकल दामटणे हे धाडस नव्हे, ते त्या जनावरावर आणि गावावर संकट ओढवणे आहे.

रस्त्याचा पोत जमिनीखालच्या खडकावर ठरतो, आणि इथे महाराष्ट्र कुठल्याही देशाच्या तोडीचा आहे. दक्षिण इंग्लंडच्या टेकड्या खडूच्या, कोरड्या असताना पांढऱ्याशुभ्र आणि पाऊस पडला की बर्फासारख्या निसरड्या. आपल्या देशावर बेसॉल्ट झिजून झालेला मुरूम असतो. तो दबून बसला की त्यावर टायर सरसर धावतो, पाणी मुरते, चिखल कमी. कोकणात जांभ्याचा तांबडा रस्ता, उन्हाळ्यात फुफाटा आणि श्रावणात शेवाळ. आणि काळी माती. ओली झाली की फुगते, टायर आणि फ्रेमच्या मध्ये भरते आणि चाक जागच्या जागी थांबते. २०२३ च्या अनबाउंडमध्ये सुरुवातीच्याच एका पट्ट्यात अशाच चिकट मातीने अनेकांच्या सायकली अडवल्या. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला त्याचे नवल वाटले नसते. काट्यांचेही नाते आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातले सायकलवाले ज्या काट्याला ‘गोटहेड’ म्हणून शिव्या घालतात तो म्हणजे आपला सराटा. वनस्पती एकच, जुन्या जगातून तिकडे गेलेली.

खडीच्या रस्त्यावर आडव्या लाटा पडतात, त्यांचा दोष लोक कंत्राटदाराला देतात. प्रयोगांनी दाखवले आहे की कोरड्या वाळूवरून चाक ठरावीक वेगापेक्षा जोरात फिरले की लाटा आपोआप उठतात.  लाटा मोटारी पाडतात आणि हादरे सायकलवाला खातो. बाकी रस्ता बिघडवते ते पाणी. जॉन मॅकॲडमने दोनशे वर्षांपूर्वी सांगितले ते आजही खरे आहे. दगड लहान आणि कोनेदार हवा, म्हणजे तो एकमेकांत रुतून बसतो. रस्ता मधे उंच हवा आणि कडेला चर हवा. आपल्या पाणंद रस्त्यांवर मुरूम टाकला जातो, दबाई अर्धवट होते, चर काढलाच जात नाही, आणि दुसऱ्या पावसाळ्यात चाकोऱ्यांमध्ये पाणी उभे राहते.

आपल्याकडे हक्काचे काय? ते वाटते त्यापेक्षा बरेच आहे. प्रत्येक गावाचा नकाशा आहे. त्यावर पायवाट एका तुटक रेषेने आणि गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवलेली असते. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट, म्हणजे ३३ फुटांच्या मोजणी साखळीचा पाव भाग. गाडीवाट साडेसोळा फुटांपासून एकवीस फुटांपर्यंत. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतात. शेतात जायला वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम बांधावरून वाट देते. हा हक्क शेतकऱ्याचा आहे, बैलगाडीचा, आता ट्रॅक्टरचा. परक्या वाटसरूचा विचार त्यात नाही. पण नकाशावरची गाडीवाट सगळ्यांची आहे, आणि तिच्यावरची अतिक्रमणे हटली तर फायदा आधी ऊस बाहेर काढणाऱ्याला होतो, सायकलवाल्याला नंतर. क्रम तोच राहावा.

कालव्यांची गोष्ट नाजूक आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि त्याने बारामती-इंदापूरचा नकाशा बदलला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ चे, त्याने प्रवरा कालव्यांना बारमाही जोर दिला. या कालव्यांत घोड्याने नाव ओढली नाही. काठचा रस्ता पाटकऱ्यासाठी आणि शाखा अभियंत्यासाठी आहे, चारीचे दार कुणी चोरून उघडले का, भरावातून पाणी झिरपते का हे पाहण्यासाठी. तो सार्वजनिक रस्ता नव्हे, जलसंपदा विभागाच्या मालकीचा आहे. विभागाची काळजी मला खरी वाटते. भराव मातीचा असतो आणि फुटला तर काय होते हे पुण्याने २७ सप्टेंबर २०१८ ला पाहिले, मुठा कालव्याची भिंत दांडेकर पुलाजवळ फुटून वस्त्यांमध्ये पाणी शिरले तेव्हा. पण मातीच्या भरावाला सायकल इजा करत नाही. इजा करतात वाळूचे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या, आणि त्या आजही कालव्यावरून जातात. उलट, रोज येणारे-जाणारे असले तर झिरपणारी भेग लवकर दिसते. अडथळा आहे तो पाण्याचा. आवर्तन सुरू असताना अस्तर केलेल्या कालव्यात पडलेला माणूस गुळगुळीत उतारामुळे वर येऊ शकत नाही. म्हणून मोकळीक द्यायचीच तर ठरावीक पट्टे, ठरावीक अंतरावर पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि दोर, हे आधी हवे.

उत्तरेत गंगा कालव्याच्या पटरीवरून कावडयात्री दरवर्षी चालतात. १८५४ मध्ये खुल्या झालेल्या या कालव्याच्या काठी झाडांची दाट सावली आहे. तिथे यात्रेसाठी नवा रस्ता करण्याकरिता एक लाखाहून अधिक झाडे तोडायची परवानगी दिली गेली आणि २०२४ मध्ये प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. पायी चालणाऱ्यांच्या नावाने रस्ता करायचा आणि त्यासाठी चालणाऱ्यांची सावलीच काढून टाकायची, हे मला पटत नाही.

असाच निर्णय आता पुण्याच्या दाराशी आहे. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत मुठा कालव्याचे पाणी सुमारे २८ किलोमीटरच्या बोगद्यातून नेण्याच्या प्रकल्पाला राज्य सरकारने मान्यता दिली आहे. बोगदा झाला की शहराच्या मधून, पर्वतीच्या पायथ्याने, हडपसरच्या बाजूने जाणारी एवढी लांब, जवळपास सपाट, सलग सरकारी पट्टी रिकामी होईल. अशी पट्टी पुन्हा कधी मिळायची नाही. तिच्यावर मोटारींचा रस्ता करा म्हणणारे जोरात बोलतील. दुसऱ्या बाजूने बोलायचे असेल तर तयारी आत्ता हवी. पट्टीची मोजणी सार्वजनिक व्हावी, अतिक्रमणात राहणाऱ्या कुटुंबांना आधी घरे मिळावीत, झाडांची नोंद व्हावी, शहरातला भाग चालणाऱ्यांसाठी आणि चाकांच्या खुर्च्यांसाठी पक्का आणि फुरसुंगीकडे जिथे कालवा शेतांत शिरतो तिथे मुरमाचा राहावा. आणि पालिका व जलसंपदा या दोन्ही विभागांच्या अधिकाऱ्यांना कुणीतरी विनंती करावी, की निविदा काढण्याआधी एकदा ही सगळी पट्टी पायी चालून या.